पीळ

आधी फक्त दोरी होती.
घायपाताची, लुशिरूच्या वळणावर, दोन निलगिरींच्या मध्ये.
एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला चिरुझा,
माझ्याच वर्गातला, गणितात कायम नापास,
खांद्यावर बंदूक आणि पायांत दोन वेगळ्या चपला.
कोळशाचं पोतं असेल तर दोन ओंजळी कोळसा,
पामतेल असेल तर एक बाटली,
काहीच नसेल तर थांब, उन्हात.

मला उचललं ते अक्षरासाठी.
वडील मास्तर. छडीखाली आलेलं वळण.
कमांडर म्हणाला, बायका भांडतात,
सांगतात मघाशी दिले, खालच्या दोरीवर दिले.
प्रत्येकीला लिहून देत जा.
मी विचारलं, वर नाव कुणाचं घालू?
तो बराच वेळ तळ्याकडे बघत राहिला.
माणसं मारताना हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.
मग म्हणाला, लिही: प्रशासन.

चिरुझाची एक चप्पल तुटली, तिच्या रबरातून
मी शिक्का कोरला.
सगळी अक्षरं उलटी कोरायची असतात,
मधलं एक विसरलो.
ते तेवढं कागदावर पाठमोरं उभं राहायचं.

कमांडर गेला. म्हणजे मेला.
डोंगरापलीकडचे आले, त्यांनी बुकावूहून
पितळी शिक्का आणला, गोल, काठाला नक्षी.
बायकांनी पावत्या परत केल्या.
खोटी आहे, म्हणाल्या, अक्षर सरळ आहे.
आठवडाभर धमक्या देऊन झाल्या,
मग त्यांनीच मला रबर शोधायला लावलं.

कोरड्या दिवसांतली एक रात्र.
कोण कुणावर गोळ्या झाडत होतं, अजून कळलेलं नाही.
पहाटे वही घ्यायला आलो तर
झोपडी नाही, एक निलगिरी नाही,
मातीवर राखेची एक रेघ, या कडेपासून त्या कडेपर्यंत.
सुंभ जळालं होतं.
बंदूकवालं कुणीच नव्हतं. रस्ता मोकळा, धुकं,
आणि वरून नाबिंतू येत होती,
कपाळाच्या पट्ट्यावर कसाव्याचं ओझं तोलत.

ती राखेपाशी थांबली.
ओझं उतरवलं, मान चोळली.
तिच्यामागे दुसरी थांबली, तिच्यामागे तिसरी.
एका मोटारसायकलवाल्यानं इंजिन बंद केलं.
मी ओरडलो, अगं जा, कुणी नाहीये आता!
नाबिंतू म्हणाली, मग कागद कोण देणार?
बाजारात विचारलं तर काय दाखवू?

शपथेवर सांगतो, मी मागितले नव्हते.
तिनं फ्रँकच्या मळक्या नोटा मोजल्या,
माझ्या खिशात शिक्का होताच.

आता तिथे सिमेंटची खोली आहे, पत्रा आहे,
झेंडा पावसाळ्यात उतरवून ठेवतो.
लोखंडी दांडा वरखाली होतो. चिरुझाला गणवेश मिळाला,
दोन्ही बूट एकसारखे.
राजधानीतून माणसं येतात, गुडघ्यावर वही,
विचारतात, शासन इथे नेमकं कधी पोचलं?
मी उद्घाटनाची तारीख सांगतो. ते लिहून घेतात.
राखेचं सांगू का, असं एकदा वाटलं होतं.
जेवणाची वेळ झाली होती.

नाबिंतू वर्षातून एकदा माल न घेता येते.
पहिल्या वर्षी, याच वळणावर,
तिचा भाऊ मुशागालुसा दोरीच्या अलीकडे होता
आणि पलीकडे पोचला नाही.
वहीत त्यासाठी रकाना नाही, मी दर वेळी सांगतो.
यंदा ती म्हणाली, त्या दिवसाचं पान तरी काढ.
काढलं. वाळवीनं कोपरा खाल्लेला.
माझंच वळणदार अक्षर:
कोळसा, पोती दोन, भरले.
पोती आहेत. वाहणारा नाही.
चिरुझा बाहेर गेला, दांड्याला तेल घालत बसला,
कालच घातलं होतं.

नाबिंतूला वाचता येत नाही.
तिनं बोट ठेवलं, बरोबर त्याच ओळीवर,
कसं कोण जाणे.
शिक्का मार, म्हणाली. तोच. रबराचा.
मी मारला.
मग शाई वाळेपर्यंत
ती त्या पाठमोऱ्या अक्षरावर
हळूहळू फुंकर घालत राहिली.