वरून भुरभुरा, ढवळू नका

एका खोक्यात:
मॉल्टचा पाक, काकवीसारखा, दीड किलो;
हॉप्सच्या हिरव्या गोळ्या, अठ्ठावीस ग्रॅम
(काटा सत्तावीसवर अडला की मी एक गोळी टाकते,
एकोणतीसवर गेला तर जाऊ देते);
बाटल्यांत घालायची साखर;
यीस्टची पुडी, फ्रीजमधून, सगळ्यात शेवटी;
आणि घडी घातलेला एक कागद,
नवशिक्यांसाठी, मोठ्या अक्षरांत.

दिवसाला दीडशे खोकी.
डलूथच्या धक्क्यामागचं हे गोदाम,
खिडकीत सरोवर, एप्रिल लागेपर्यंत पांढरं.
मी भरते, पाओ टेप लावतो.
दोन वाजल्यानंतर फोनही माझ्याकडे.

बाई, बुडबुडे थांबले.
बाई, फेस छताला लागलाय आणि बायको माहेरी गेलीय.
बाई, वर तरंगतंय ते जिवंत आहे की मेलेलं?
जिवंत आहे, मी सांगते. हात लावू नका.
झाकण उघडून बघू नका.
जिन्याखाली ठेवा, जुना कोट गुंडाळा,
दोन आठवडे विसरून जा.

पाणी उकळणं लोकांना जमतं,
साखर मोजणं जमतं.
काहीच न करणं
भल्याभल्यांना जमत नाही.

मला जमतं.
अकरा वर्षं, चार महिने.
रोज एक दिवस मी काही करत नाही.

मालकाला माहीत आहे.
नोकरी देताना त्याने विचारलं, चालेल ना तुम्हाला इथे?
मी म्हटलं, हा पाक आहे, या गोळ्या आहेत,
दारू व्हायला अजून एक माणूस लागतो.
तो हसला.
मी विनोद केला नव्हता.

हिबिंगचा आर्वो निस्कानेन.
छत्तीस वर्षं लोखंडाच्या खाणीवर,
निवृत्तीला मुलीने आमचं खोकं दिलं.
पहिल्याच दिवशी तीन फोन:
बादली धुतली. परत धुतली. आता काय धुऊ?
चौथ्या दिवशी, ती बोलायला लागलीय.
बोलू दे, मी म्हटलं.
बोलू दे ना, पण फिनिश येत नाही तिला.

नवव्या दिवशी विचारायला काही नव्हतं.
बर्फ किती पडला ते त्याने सांगितलं.
मग म्हणाला, बादली हिच्या शिलाई मशीनखाली ठेवलीय,
पायटा होता तिथे.
आता काही हलत नाही तिथे.
जागा चांगली आहे, मी म्हटलं.

आणि मग, सहज, फोन ठेवता ठेवता:
तुम्हाला कशी आवडते, कडू?
पाओचा हात टेपवर थांबला.
मला वास आवडतो, मी म्हटलं.

खाणीतला माणूस.
कुठल्या फळीवर पाय टाकायचा नाही
हे त्याला पाय टाकायच्या आधी कळतं.
बरं, म्हणाला. वास पाठवतो.

जूनमध्ये पार्सल आलं.
लोकरीच्या मोज्यात एक बाटली,
चिकटपट्टीवर पेन्सिलीने: पहिली. जरा गढूळ आहे.
तीन दिवस ती माझ्या गाडीच्या डिकीत होती.
तीन दिवस मी बसने आले.

चौथ्या दिवशी पाओला सांगितलं.
तो म्हणाला, आईच्या लेट्यूसवर गोगलगायी आल्यात,
ती बशा पुरते मातीत, बियर लागते तिला.
कुठलीही चालते.

त्याने ओतली, मी लांब उभी राहिले.
मग तेवढी लांब नाही.
फेस दोन बोटं उभा राहिला, बसायची घाई नव्हती त्याला.
भाजायच्या आधीचा पाव.
संत्र्याची साल.
आणि खाली कुठेतरी, अगदी थोडा,
मशीनच्या तेलाचा वास, किंवा तसं मला वाटलं.
मी घरी चालत गेले. सहा मैल.

सोमवारी दोन वाजून एक मिनिटाने फोन.
कशी झाली?
संपली, मी म्हटलं. थेंब उरला नाही.
एकटीने?
छे. सतरा जण होते.
रात्रभर बसले.
एकही उठून घरी गेला नाही.