चौथ्या भागापासून

डिचोलीच्या थिएटरात ए.सी. बंद,
तिकिटावर कुणाच्या तरी बोटांची लाल खनिजमाती.
सूर्य विझवणाऱ्या सम्राटाचं
बालपण दाखवतायत.
नऊ वर्षांचा आहे. अंधाराला घाबरतो.
उशाशी बाटलीत काजवा ठेवून झोपतो.

त्याचा शेवट आम्ही
पंचवीस वर्षांपूर्वीच पाहून ठेवलाय,
म्हणून अख्खी रांग गप्प.
शर्वाणी तेवढी टाळ्या वाजवते.
तिचा हा पहिलाच भाग.
‘हा चांगलाय ना, आई?’
मी भज्यांचा पुडा पुढे करते.

बाबांना मी चौथ्या भागापासून ओळखते.
खाण बंद, टिपर विकलेला,
आवाज असा की कुत्रं खाटेखाली.
परवा विळीवर तिसऱ्या फोडता फोडता
आते सहज म्हणाली,
‘पुनो लहानपणी पणती विझू द्यायचा नाही गो.
तेल संपलं की माझ्या केसांचं...’
आणि मग कालवणात मीठ घातलं की नाही
तेच तिला आठवेना.

पडद्यावर मुलगा
बाटलीचं झाकण घट्ट आवळतो.
इथून पुढचं मला सगळं पाठ.
तरी खुर्चीच्या कडेला सरकते,
नको रे, म्हणते,
बऱ्यापैकी मोठ्यानं.