अंगठा

जावयाने दोन महिने आधी टेबल धरलं होतं.
वासणा रोडला, सातव्या मजल्यावर,
जिथे दर तीन महिन्यांनी जेवणाचा विषय बदलतो.
हिवाळ्यात म्हणे पतंग होता,
दिवाळीनंतर विश्वामित्री येणार आहे,
मगरींसकट.
या वेळचा विषय: रेशन.

मृणाल म्हणाली, बाबा, तुमचंच खातं!
मी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

मेनू म्हणजे कार्ड. पिवळं, कडा मुद्दाम कुरतडलेल्या,
कुटुंबप्रमुखाच्या जागी माझं नाव
टाकानं लिहिल्यासारखं.
नऊ रकाने. पहिल्यात एकच शब्द: रांग.
रिकामी ताटली ठेवून पोरगा गेला
तो वीस मिनिटांनी आला.
विहीणबाईंना हसू आवरेना.
मग लाल मिलो, बोटीनं यायचा तसला,
गुरांनीही तोंड फिरवावं असा,
इथे पोह्यासारखा हलका, वर डाळिंबाचे तीन दाणे.
मग पामतेलाची वडी, जिभेवर ठेवताच नाहीशी.
मग काचेच्या घुमटाखाली कोंडलेला धूर;
घुमट उचलला आणि रॉकेल आलं,
पिंप, नरसाळं, माझी खाकी पँट,
सगळं नाकातून आत.

पाचव्याला पोरगा तराजू घेऊन आला.
पितळी, घासून लखलखीत.
प्रत्येकासमोर भात तोलू लागला,
चाळीस ग्रॅम,
काटा मधोमध थांबेपर्यंत श्वास धरून.
एक शीत जास्त झालं, ते चिमट्यानं काढलं.
टेबलावर टाळ्या.

मी त्याचा हात बघत होतो.
काटा बघणारे सगळे फसतात.

रावपुऱ्याच्या दुकानात सव्वीस वर्षं
मी मालकाची तागडी धरली.
साखर असो की तांदूळ, किलोमागे पन्नास.
फार नाही. पारड्याच्या कडेला
अंगठ्याचा नखाएवढा भार.
मालकानं शिकवलं नव्हतं,
फक्त पगार असा दिला होता की शिकावं.
रेवाबेन कहार यायची,
शिंगाडे सोलून बोटं काळी पडलेली.
तिला लिहिता येत नव्हतं.
रजिस्टरवर ती अंगठा उठवायची,
पारड्यावर मी ठेवायचो.
एकदाच म्हणाली, भाई, काटो तो बरोबर छे,
आणि काट्याकडे न बघता
माझ्या नखातली साखर बघत राहिली.

भात बाकी सुरेख होता.
अजून थोडा मिळेल का, मी विचारलं.
पोरगा तालमीत बसवल्यासारखा ताठ झाला:
एक कार्ड पर एक ज वार, काका.
सगळे हसले. केयूर तर ठसका लागेपर्यंत.
मीही हसलो, जरा उशिरा.
माझंच वाक्य, माझ्याच चालीत,
कुठून मिळालं असेल याला?

मला सांगायचं होतं, तिथेच, नॅपकिन मांडीवर असताना,
की मृणालचे कॉन्व्हेंटचे काळे बूट
पन्नास पन्नास ग्रॅमचे होते.
पण तोवर सातवा रकाना आला,
त्यावर चांदीचा वर्ख होता,
आणि ती माझ्या ताटाचा फोटो घेत होती,
बाबा, हात जरा बाजूला करा ना.

निघताना शिक्का मारलेलं कार्ड
आणि खादीच्या इवल्या पिशवीत साखर, भेट म्हणून.
वर सुबक छापलेलं: ५० ग्रॅम.
लिफ्टमध्ये सगळे आपापल्या फोनमध्ये.
मी पिशवी तळव्यावर घेतली,
एकदा उडवली, झेलली.

सत्तेचाळीस.
तेही पिशवीसकट.