पुढच्या वीस हिवाळ्यांचा आराखडा

वाल्दिव्हियात जून लागला
की मासळीबाजारामागे समुद्रसिंह भुंकत राहतात.
त्या आवाजातून माणसांचा खोकला
वेगळा काढायचा,
हे इर्मा कात्रिलेओचं काम.

पहिल्या वर्षी सगळे याला लाट म्हणाले.
लाट म्हटलं की ओसरणं आलंच.
मग पाहुणा म्हणाले,
आणि दार धरून उभे राहिले, तो निघायची वाट बघत.
इर्माने आराखड्यात शब्द घातला : कूळ.
घर सोडणार नाही, भाडं देणार नाही.
कुठल्या खोलीत वारा खेळवायचा
तेवढं आपल्या हाती.

राजधानीहून विचारणा आली :
समाप्तीची अपेक्षित तारीख?
तिने रकान्यात आडवी रेघ मारली.
रेघ दोनदा परत आली, खुलाशासाठी.

मागण्या साध्याच.
शाळांच्या खिडक्या दोनशे चौदा,
पैकी रंगाने चिकटून बसलेल्या एकशे ऐंशी.
रंग खरवडायला एक माणूस, दोन पटाश्या.
दर मंगळवारी गटाराचं पाणी तपासणीला आणणाऱ्या
ओस्वाल्दोला नवे गमबूट.
लसींना फ्रीज, फ्रीजला जनरेटर,
आणि जनरेटरमध्ये डिझेल आहे का
हे ज्याच्या लक्षात राहील असा कुणीतरी,
कायम पदावर.
'कायम'खाली तिने रेघ ओढली. ही मात्र जाड.

एक रकाना ती नेहमी शेवटी भरते :
हिवाळ्यातले अंदाजे मृत्यू.
जास्त लिहिले तर वर म्हणतात, घाबरवता.
कमी लिहिले तर उरलेले
कुणाच्या नावावर मांडायचे?
गेल्या साली तिने लिहिले अडतीस.
झाले एकोणचाळीस.
एकोणचाळिसावा अबेलिनो,
धुरावलेले शिंपले विकायचा,
सुटे नसले की एक शिंपला वर टाकायचा.

तिच्या नोकरीची सहा वर्षं उरलीत,
आराखडा वीस वर्षांचा.
या खुर्चीत तिच्यानंतर तिसरी जी बसेल
ती आज इयत्ता दुसरीत असावी,
नाक पुसत,
त्या एकशे ऐंशीतल्या एखाद्या खिडकीशी.

ऑगस्टात पहिल्या चाळीस खिडक्या उघडल्या.
आठवड्यात मुख्याध्यापिका ओयार्सून यांचं पत्र :
हवा उत्तम. पाऊस आत येतो.

इर्माने फाइल पुन्हा उघडली,
मागण्यांच्या तळाशी लिहिलं :
पुसायची फडकी, नग पन्नास.
दरवर्षी.