पाणबुडीचा नकाशा

हडसनच्या पल्याड, कड्यावरच्या गावात
काचेच्या छपराखाली आम्ही सिनेमे काढायचो,
आठवड्याला दोन रिळं.
मी सामानघरात. वय एकोणीस.
पिस्तुलं पुसायची, मिशांचा डिंक उकळायचा,
आणि मिस्टर प्रूइट ओरडले की
हवं ते पैदा करायचं.

त्या सोमवारी त्यांना हवी होती पाणबुडी.
म्हणजे तिचा नकाशा,
ज्याच्यासाठी माणसं जीव देतील असा.

पाणबुडी मी कुठं पाहिलेली?
रात्री स्वयंपाकघरात बसले. समोर आईचा
धुणं पिळायचा चरक:
दोन रबरी रूळ, दातेरी चाकं, वाकडी मूठ.
तोच काढला, निळ्या कागदावर पांढऱ्या शाईनं.
मुठीला लिहिलं 'सुकाणू',
रुळांमधल्या फटीला 'टॉर्पेडो इथून'.
पाणी निथळतं त्या पन्हळीला काय म्हणावं सुचेना,
तिथं लिहिलं 'अत्यंत गोपनीय'.

मग त्या कागदापायी काय काय झालं!
नायिका मालगाडीच्या टपावरून धावली
(धावला फिनबार, परकर खोचून, तंबाखू चघळत),
कड्यावरून लोंबकळली,
आणि एतिएन कॅमेऱ्याचा दांडा फिरवत राहिला,
सेकंदाला दोन फेरे, तोंडातल्या तोंडात मोजत.

हेर होता वेंडेलिन क्रोट्झ.
दुपारी कांद्याचं सँडविच मोडून
अर्धं मला द्यायचा.
पडद्यावर पाटी यायची, 'पितृभूमीसाठी!'
ओठ हलवत तो खरं तर
कांद्याचा भाव सांगत असायचा.

एप्रिलात लढाई खरी झाली.
बेकरीवाल्यानं त्याला पाव दिला नाही.
घरमालकिणीनं जिन्यात दिवा लावणं सोडलं.
मग सुतावरून स्वर्ग गाठणारे दोघे आले, हॅटवाले.
खलनायकाचा कोट त्याचा स्वतःचाच,
कंपनी तेवढा खर्च करत नसे.
खिशात घडी केलेला निळा कागद.

न्यूअर्कच्या कचेरीत मी सांगितलं,
साहेब, हा आईचा चरक आहे.
साहेब म्हणाले, असं कुणीही म्हणेल.

आई लोकांची धुणी धुवायची.
म्हणाली, ने, पण संध्याकाळच्या आत परत.
ओतीव लोखंड, ट्रॅमचे तीन डबे बदलले,
खांद्यावर अजून वळ आहे.
साहेबांच्या टेबलाच्या कडेला स्क्रू आवळले.
त्यांचाच रुमाल मागितला, त्यांच्याच तांब्यात बुडवला,
आणि सुकाणू फिरवलं.

'अत्यंत गोपनीय'मधून पाणी
साहेबांच्या बुटांवर पडलं.
कुणी हसलं नाही.
एकानं ते वहीत टिपून घेतलं.

वेंडेलिन अकराव्या दिवशी सुटला. पडद्यावर मात्र नाही.
हॅकेन्सॅकला तो अजून आठवडाभर
रोज साडेसातला पकडला जात होता.
शेवटच्या रांगेत बसून तो बघायचा.
लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे.
एकदा म्हणाला, मीही वाजवल्या,
शेजारचा बघत होता.

ती फिल्म पुढं चांदीसाठी धुऊन टाकली.
फिनबार, एतिएन, कुणी उरलं नाही.
कागद त्यांनी परत दिलाच नाही.
कुठल्याशा सरकारी कपाटात, शिक्क्याखाली,
माझ्या आईचा चरक
अजून पाण्याखाली आहे.