शि. ९५

शिरोडे मास्तरांच्या बंगल्यात, गंगापूर रोडला,
मी आकडे घालते.
मूर्तीच्या तळाशी, दिसणार नाही अशा जागी
आधी नेलपॉलिशचा पारदर्शक थर,
वाळला की वर काळ्या शाईत: शि. ४१, शि. ४२.

शि. ५७. हात, प्लास्टर, तर्जनी नाही.
(तर्जनी मिळाली ड्रॉवरमध्ये, सुपारीच्या डबीत.
तिला ५७-अ.)
शि. ६३. कुणा आमदाराचा अर्धपुतळा,
पैसे आले नाहीत म्हणून घरीच राहिलेला;
डाव्या नाकपुडीत कुंभारणीचं घर.
शि. ८० ते ९४. साचे.
तांबट आळीतली माणसं, आतून उलटी.
मास्तरांच्या मुलाने नुसत्या कानावरून
भिकाशेठ ओळखले.

मग मागच्या पडवीत, स्टुलावर,
गोणपाटात गुंडाळलेलं डोकं.
शाडूची माती. ओली.
मास्तर जाऊन अकरा वर्षं झाली.

"रोज दोन तांबे," हौसाबाई म्हणाली,
"नळ आला की आधी ह्याला, मग चहाला.
म्हणाले होते, सुकू देऊ नको, आलोच."
कुणाचं आहे?
"सोडून नाही बघितलं."

रकाने ठरलेले: माध्यम, माप, स्थिती.
स्थितीपुढे 'अपूर्ण' लिहिलं, खोडलं.
'ओली' लिहिलं.
मुंबईचे तज्ज्ञ फोनवर म्हणाले,
सावकाश सुकवा, तडे जातील, भरता येतात.
हौसाबाई काल लेकीकडे गेली, सिन्नरला.

आज सहाला नळ आला.
आकडा कुठे घालावा कळेना,
ओल्या मातीवर शाई धरत नाही.

तांब्या तिथेच होता, पालथा.