दोन्ही पाय उबदार

देगलूर रोडच्या दवाखान्यात माझं टेबल जिन्याखाली.
वर डॉक्टर तपासतात,
खाली मी तपासलेलं लिहितो.
लिहिलं नाही ते झालंच नाही,
असं विम्याचा माणूस सांगून गेलाय
अर्धा चहा तसाच ठेवून.

बिराजदार डॉक्टर फार कमी लिहितात.
'पोट पाहिलं.' एवढंच.
वीस मिनिटं हात होता नागरबाईंच्या पोटावर,
डोळे मिटलेले,
आवाज नको म्हणून पंखासुद्धा बंद करायला लावलेला.
कंपनी विचारते: मऊ की कडक? यकृत हाताला लागलं का?
प्लीहा? आतड्यांचे आवाज?
जेवढ्या चौकटी तेवढे पैसे.
दोन शब्दांच्या पोटाला कोण काय देणार.

म्हणून संगणकात एफ सात आहे.
बोट टेकवलं की चौदा ओळी सरसर उतरतात:
घसा साफ. मान मऊ. ठोके नियमित.
छाती दोन्ही बाजूंनी मोकळी.
दोन्ही पाय उबदार, नाड्या सारख्या.
दिवसाला साठ माणसं मी अशी ठणठणीत केली,
खोकत जिना चढलेली, कुणाच्या तरी खांद्यावरून आलेली.
उदगीर एवढं निरोगी कधीच नव्हतं.

मग आले डाळ मिलचे शेषेराव कोनाळे.
साखरेसाठी दर महिन्याला येतात.
त्यांचं बिल तिसऱ्या दिवशी मंजूर, एक शंका नाही.
सहावीतल्या नातवानं कागद घेतला
आणि धडा वाचावा तसा खड्या आवाजात वाचला
सगळ्या रांगेपुढं:
"दोन्ही पाय उबदार."

कोनाळ्यांनी कुबडी भिंतीला टेकवली.
"डावा तर बिदरला ठिवून आलो," म्हणाले,
"आठ वर्षं झाली.
तिकडं बी उबदारच हाय म्हणा की.
थंडीत मला घोर लागायचा,
त्याला कोण पांघरूण घालतंय म्हणून."
रांग हसली. मीही हसलो,
आणि हसू आवरल्यावर कुठं बघावं ते कळेना.

त्याच दुपारी नागरबाईंची फाइल परत आली, तिसऱ्यांदा.
'तपासणीचा तपशील अपुरा.'

मी वर गेलो. चार वर्षांत पहिल्यांदा.
साहेब, काय पाहिलं होतं?
त्यांनी फाइल उघडलीही नाही.
"उजव्या बरगडीखाली दोन बोटं. टणक.
कड दगडी जात्याला टाकी घातल्यासारखी.
आणि डोक्यावर पदर घ्यायला तिनं हात वर केला ना,
तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.
मागच्या पोळ्याला त्याच हातातून काढायच्या म्हटल्या
तर साबण लागला असता."
हे लिहू का?
"कॉलम असला तर लिही."

कॉलम नव्हता.
सगळ्यात खाली 'इतर' होता, अक्षरं मोजून देणारा.
बरगडी बसली, दोन बोटं बसली, टणक बसलं.
जात्याला जागा पुरणार नव्हती, ते सोडलं.
पुढचं एकेक अक्षर शोधत टाइप करत गेलो,
कडेला लाल आकडा उलटा उतरत होता,
पाच, चार,
शून्यावर यंत्रानं माझा हात धरला
आणि कंपनीला गेलं ते एवढंच:

बांगड्या कोपरापर्यंत घसर